डब्यात उरलेली बी

मी मोजणीत चुकलो नव्हतो. आजपर्यंत हे कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. दाऊदभाई गेल्याचं रफीकने गावाहून फोनवर कळवलं, तेव्हा मी शारजातल्या माझ्या गॅरेजमध्ये होतो. मला रडू आलं नाही. मनात पहिला विचार आला तो हा, की आता ते मला विचारणार नाहीत... आणि त्या विचाराची लाज अजून जात नाही.

साठच्या दशकात आम्ही दोघे रास अल खैमात एका कंत्राटदाराकडे कामाला होतो. दाऊदभाई दाभोळकडचे, मी शेजारच्याच गावचा. विशीही न गाठलेला मी लाँचमधून उतरलो तेव्हा उलट्यांनी अर्धा झालो होतो. त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं, पेज करून पाजली आणि म्हणाले, "रफीक तिकडे, तू इकडे. मला काय, एक भाऊ पाहिजेच." रफीक त्यांचा धाकटा भाऊ. मी त्याला पाहिलंही नव्हतं, पण त्याच्या जागेवर मी जेवत होतो, झोपत होतो, ओरडा खात होतो. घर सुटल्यावर मला मिळालेलं घर तेवढंच.

त्या वर्षी रमजान लागायच्या आधी आमच्या साहेबाने जाहीर केलं, ईदच्या शर्यतीत आपला माणूस पहिला आला तर "उसके घर का एक आदमी बुलाने का कागज हम करेगा." त्या संध्याकाळपासून दाऊदभाई धावायला लागले. शर्यत व्हायची ती खाडीपलीकडच्या, मिठाने कडक झालेल्या सपाट जमिनीवर. चार कोपऱ्यांना चार रिकामी पिंपं, त्यांना दहा फेऱ्या. रोजा ठेवून, दुपार कलताना असरची नमाज झाली की अनवाणी पळायचे. मिठाने टाचा फुटल्या. रात्री मी खोबरेल चोळायचो आणि ते शिव्या घालायचे, "हळू रे मेल्या, पाय आहे तो, लाँचची फळी नव्हे!"

त्या सपाटीवर सगळ्या बाजू सारख्याच दिसायच्या. झाड नाही, भिंत नाही. चार फेऱ्यांनंतर आपण कितव्या फेरीत आहोत हे धावणाऱ्याला कळेनासं व्हायचं. म्हणून तिथे प्रत्येकाचा एक मोजणारा, फेरी सुरू होते त्या निशाणाजवळ बसायचा. इफ्तारच्या खजुरांच्या बिया आम्ही राखून ठेवत होतो. डब्यात दहा बिया, दर फेरीला एक बाहेर फेकायची, एकच उरली की लाल रुमाल हलवायचा. रुमाल दिसला की जीव तोडून पळायचं, त्याआधी नाही. "मोजलं की माझा दम अडकतो," दाऊदभाई म्हणायचे. "मोजणं तुझं, पळणं माझं. खलास."

तयारी चांगली चालली होती आणि माझी झोप उडत चालली होती. इफ्तारला बसलं की रफीकच्याच गोष्टी. रफीकला अमुक आवडतं, रफीकला आधी समुद्राकाठी न्यायचं. एकदा हसत म्हणाले, "तो आला की तुझी खाट त्याला. तू बघ बाबा दुसरीकडे." ती थट्टा होती. मलाही कळत होतं की थट्टा आहे. पण मी रात्रभर त्या खाटेची पट्टी धरून पडून राहिलो.

ईदच्या दिवशी अख्खं गाव लोटलं होतं. खरी टक्कर मुराद नावाच्या बलुची हमालाशी. आठवी फेरी संपवून दाऊदभाई माझ्यासमोरून गेले तेव्हा मुराद त्यांच्या बराच मागे होता. मी बी फेकली. डब्यात दोन उरल्या. दोन आहेत हे मी पाहिलं, पुन्हा पाहिलं... आणि रुमाल हलवला.

ते असे सुटले की लोक उभे राहिले. नववी फेरी संपवून निशाणाशी येऊन कोसळले. "और एक है! यल्ला, उठो!" लोक ओरडत होते. ते उठले, पण पायांत काही राहिलं नव्हतं. मुराद पुढे गेला.

शर्यत संपल्यावर ते लंगडत माझ्याकडे आले आणि डबा मागितला. मी खरंच चुकलो असतो, एखादी बी जास्त फेकली असती, तर डब्यात एकही उरली नसती. तिथे एक होती. शेवटच्या फेरीची ती बी फेकायला माझा हात उचलला गेला नव्हता. त्यांनी ती उचलली, माझ्याकडे पाहिलं, खिशात घातली. मग जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले, "आमचं पोरगं शाळेतही गणितात नापास!" सगळे हसले.

पुढे आयुष्यभर हाच विनोद. माझ्या लग्नातही म्हणाले, "याला ताटं मोजायला बसवू नका, निम्मे लोक उपाशी जातील." खाट माझीच राहिली. आजारात उशाशी बसले, गॅरेज टाकताना पाठीशी उभे राहिले, मग म्हातारपणी गावी परतले. रफीकला कागद मिळाला नाही तो नाहीच. गावच्या बर्फाच्या कारखान्यात त्याचे केस पांढरे झाले.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. "इब्राहिमभाई, भाईंची ट्रंक उघडली. घड्याळ आहे, चष्मा आहे, आणि चिंधीत बांधलेली खजुराची एक बी. एवढी जपून कशाची ठेवली असेल हो? तुम्हांला ठाऊक असेल, तुम्ही तर त्यांचे भाऊच."

लाइन खराब आहे असं सांगून मी फोन ठेवला. लाइन स्वच्छ होती. त्या बीचं उत्तर मी रफीकला देणं लागतो, त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून. अजून दिलेलं नाही.