पाठीवर सचिनचं नाव

इंग्लंडला निघाले त्या दिवशी माझी मोठी बॅग सचिननं सुतळीनं आवळून बांधली. चेन धडधाकट होती, तरी बांधली. तामलवाडीच्या फाट्यावर जीप उभी होती. आई सारखी डोळे पुसत होती आणि वडील, म्हणजे आमचे आण्णा, ड्रायव्हरला मुंबईचा रस्ता समजावून सांगत होते. ते स्वतः पुण्याच्या पुढं कधी गेले नव्हते. सचिन माझा धाकटा भाऊ. बॅग टपावर टाकून तो म्हणाला, "आक्का, हिकडचं टेन्शन घेऊ नको. मी हाय की." त्याच्या भरवशावर मी घर सोडलं. सोलापुरात नर्सिंग शिकलेली पोरगी लीड्सच्या हॉस्पिटलात चालली म्हणून गावानं कौतुक केलं, आणि मी ते आवडीनं करून घेतलं.

दुसऱ्या वर्षी सचिननं आपला जीव संपवला. हे वाक्य मराठीत लिहायला मला सहा वर्षं लागली.

गावात आण्णांनी सांगितलं, अटॅक आला. सव्वीस वर्षांच्या पोराला कसला अटॅक, असं कुणी तोंडावर विचारलं नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आण्णा मला म्हणाले आणि मीही मान हलवली. त्यांचा राग आला नाही, माझाच आला. सचिनची पुण्यातली नोकरी गेली, तो घरी आला, झोपेना, जेवेना, बांधावर नुसता बसून राहायचा. आई हे सगळं फोनवर सांगत होती. मी वॉर्डात दिवसभर परक्यांच्या मनाची विचारपूस करत होते आणि भावाला म्हणाले, "जरा फिरून येत जा, बरं वाटंल." अजून ते वाक्य मला जेवता जेवता आठवतं.

वॉर्डातली माझ्या जोडीची नर्स मार्गारेट, तिचा नवरा असाच गेलेला. मागच्या वर्षी तिनं मला एका वॉकला नेलं. तिकडं मनाच्या आजारानं ज्यांचं माणूस गेलं, ती घरं एका रविवारी मिळून दहा किलोमीटर चालतात. त्या निमित्तानं देणग्या गोळा होतात, त्यातून हेल्पलाइन चालते. प्रत्येकाच्या पाठीवर कागद असतो आणि आपण कुणासाठी चालतोय ते त्यावर लिहायचं असतं. मी लिहिलं, 'सचिन, माझा भाऊ'.

आता माझी गंमत ऐका. आमचं गाव सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं. कोजागिरीला भवानीच्या दर्शनाला चालत निघालेल्यांची रीघ दारावरून जाते आणि आम्ही रस्त्याकडेला चहा-पाणी घेऊन उभे असतो. कुणासाठी चालायचं म्हणजे उपाशीपोटी आणि अनवाणी, एवढंच मला ठाऊक. म्हणून वॉकलाही मी बूट-मोजे काढून पिशवीत घातले. पिवळ्या जाकिटातले दोन स्वयंसेवक धावत आले, बूट चोरीला गेले का म्हणून. मी म्हटलं, न्याहारीसुद्धा केलेली नाही, तेव्हा तर ते प्रथमोपचाराची पेटीच घेऊन आले. शेवटी मार्गारेटनं एक केळं आणि जाड मोजे यांवर तडजोड घडवून आणली.

दुसरी चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. लहानपणी मी एका चालणाऱ्या बाईला विचारलं होतं, "मावशी, नवस कशाचा?" तेव्हा आण्णांनी दटावलं होतं, "चालणाऱ्याला कारण इचारू नये. त्याचं आन आई भवानीचं असतंय ते." तिकडं उलट रीत. पहिल्याच वळणावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, सचिन कशानं गेला? आणि माझ्या तोंडून निघालं, हार्ट अटॅक. ज्या गर्दीत कुणालाच खोटं बोलायची गरज नव्हती, त्या गर्दीत मी खोटं बोलले. लाज वाटली. पुढं गेलेल्या म्हाताऱ्याला धावत गाठलं आणि खरं सांगितलं. त्यानं माझा हात धरला आणि पुढचं वळण येईपर्यंत सोडला नाही.

मार्गारेटनं काढलेला माझ्या पाठीवरच्या कागदाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. कागदावर सचिनच्या नावाच्या वर 'ज्यांनी स्वतः जीव दिला त्यांच्यासाठी' असं इंग्रजीत छापलेलं होतं, ते वाचून चुलत बहिणीनं सगळ्यांना अर्थ सांगितला. आण्णांचा फोन आला. "गावभर बोंब मारायची व्हती तर तिकडं कशाला गेलीस?" त्यानंतर वर्षभर ते फोनवर आले नाहीत. आई म्हणायची, रानात गेलेत. मागं त्यांचा खोकला ऐकू यायचा. भाऊ गेलाच होता, आता बापही मीच हातानं घालवला, असं वाटायचं.

या कोजागिरीला मी घरी गेले. आण्णा माझ्याशी कामापुरतं बोलले. सकाळी रस्त्याकडेच्या आमच्या चहाच्या मंडपावर नवा बॅनर दिसला: 'कै. सचिनच्या स्मरणार्थ मोफत चहा-पाणी'. खाली त्याचा हसरा फोटो. पायाला फडकं बांधलेला एक पन्नाशीचा माणूस टेकला, चहा घेता घेता फोटोकडं बघून म्हणाला, "लई तरणं पोर ओ. काय झालं व्हतं?"

मी ग्लास विसळत होते. मान वर केली नाही. उत्तर मला पाठ होतं.

"मन आजारी व्हतं त्याचं," आण्णा म्हणाले. "आमाला वळखू आलं न्हाय. त्यानं सोताच जीव दिला."

मग माझ्याकडं हात केला. "ही माझी पोरगी. नर्स हाय. घरात कुणाचं तसं काय आसंल तर हिला इचारा, ही सांगंल."

तो माणूस निघाला नाही. रिकामा ग्लास हातात फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, "बाई, जरा हिकडं बाजूला येता का?"

त्या दिवशी असे तिघं जण माझ्याशी बोलून गेले. दुपारी आण्णा माझ्या शेजारी जेवायला बसले, आणि सचिनचं नाव घेऊन त्याच्या खोड्या सांगत बसले. आई हसली, रडली.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या लांब गेलेल्यांनो, तुमचं घर कुठलं ते तुम्ही ठरवा. माझं मात्र त्या दुपारी ठरलं. सचिन कसा गेला हे सांगून झाल्यावरही जिथं मला 'अजून भाकरी घे' म्हणतात, ते माझं घर.