मुकादमांचे मोजे

नागोयाच्या दमट उन्हाळ्यातही चामड्याचे मोजे घालणारा एकच माणूस मी पाहिला. हमीद मुकादम. मूळचे राजापूरचे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात इंजिनीअर, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. नव्वदीच्या सुरुवातीला तिथे मराठी आम्ही दोघेच.

मोज्यांची भानगड बेसिनपासून सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात दुपारच्या नमाजाआधी वजू करताना, म्हणजे हात-तोंड-पाय धुताना, त्यांनी पाय उचलून सरळ बेसिनमध्ये धुतला. त्याच बेसिनवर जेवणानंतर सगळे दात घासत. कोणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पावलाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. मुकादम शरमेने अर्धे झाले, प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन वाकले. मग ते जेवणाच्या सुट्टीत सायकल हाणत घरी जाऊ लागले, नमाज पढून धापा टाकत परत. दोनदा उशीर झाला. पुन्हा झाला तर करार वाढवणं अवघड होईल, असं विभागप्रमुख कातो-सान यांनी सौम्य आवाजात सांगितलं.

त्यांनी गावच्या मौलवींना पत्र टाकलं. उत्तराबरोबर मोज्यांचा जोडच आला. सकाळी घरी पूर्ण वजू करून ते चढवायचे. मग दिवसभर पाय धुवायला नकोत, मोज्यांवरून ओला हात फिरवला की झालं.

"सोय जुनीच आहे रे," मुकादम म्हणाले. "गावात विहीर दाराशी, कधी लागलीच नाही."

"म्हणजे जपान्यांसाठी धर्म सैल केलात," मी डिवचलं.

"सोय ठेवलीय ती वापरायलाच, लाज कसली? माझ्या नमाजापायी दुसऱ्याला किळस यायची असेल, तर मला तो गोड लागायचा नाही."

पुढे कातो-सान ओशाळून म्हणाले, बेसिन वापरा, आम्ही पुसून घेऊ. मुकादमांनी नकार दिला. "भिडेखातर म्हणतायत ते. भिडेची परवानगी मी धरत नाही." ऑगस्टमध्ये त्यांच्या पायांवर पुरळ उठायचं, आणि मला त्यांच्या हट्टाचा रागच यायचा.

चार वर्षांनी ते गावी परतले आणि वर्षभरात हृदयविकाराने गेले. मी कातो-सानना सांगितलं. त्यांनी मान खाली घातली.

पुढच्या एप्रिलमध्ये मलेशियाहून एक इंजिनीअर आला. बेसिनपाशी घुटमळत त्याने विचारलं, पाय कुठे धुऊ? मी तोंड उघडायच्या आत कातो-सान पुढे झाले.

"चामड्याचे मोजे घ्या, घोट्याच्या वर येणारे. सकाळी घरून पाय धुऊन घालायचे, मग इथे ओला हात पुरतो. दुसऱ्या सकाळी मात्र पुन्हा धुवायचे." मग माझ्याकडे वळून त्यांनी जरा काळजीने विचारलं, "बरोबर सांगितलं ना?"

मी कुलकर्णी, मला त्यातलं काय कळतं. पण मी म्हटलं, "बरोबर."