साडेअकरा कोयते

एस्तेर गेल्याचं मला पाथर्डीच्या स्टँडवर कळलं. मी शेवगावहून तिलाच भेटायला आले होते, पिशवीत तिच्यासाठी पेरू होते, आणि आमच्या जुन्या शाळेचा शिपाई समोर येऊन म्हणाला, "बाई, उशीर केला तुमी. काल माती दिली." मला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि सुचावं तरी का... बदली झाल्यापासून वर्षातून दोनदा येणारी मी. पेरू स्टँडवरच कुणाला तरी देऊन टाकले. त्याला आता सहा आठवडे झाले.

एस्तेर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, मी मराठी. तिने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी खोली शोधताना मेटाकुटीला यायची. घरमालक आधी जात विचारायचे, ती ख्रिस्ती आहे म्हटल्यावर जरा घुटमळायचे आणि मग विचारायचे, "सोबत कोण?" एस्तेर शांतपणे सांगायची, "सोबत मी." मला तेव्हा हसू यायचं. मला घरी नवरा होता, सासू होती, मला हसायला काय जात होतं!

दसरा झाला की आमचे निम्मे बाक रिकामे व्हायचे. मुली आईबापांबरोबर ऊसतोडीला जायच्या. एका वर्षी नववीतल्या हिराला मागे ठेवा म्हणून सांगायला आम्ही दोघी जीपने तिच्या गावी गेलो. पारावर मुकादम टोळी मोजत होता. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. मोजून झाल्यावर तो म्हणाला, "साडेअकरा कोयते." एस्तेरने विचारलं, "अर्धा कोण?" त्याने कडेला बसलेल्या एका विधवेकडे हनुवटी केली. "एकली बाई हाय. तिला पुरा कोयता कसा धरायचा?" हिराचे वडील आम्हाला चहा पाजून म्हणाले, "पोरीचं आठ दिवसात उरकतोय, बाई. म्हंजी तिचाबी कोयता हुईल." हिरा दारात उभी राहून ऐकत होती.

त्या हिवाळ्यात तिने कादंबरी लिहिली. मोठ्या मुलींसाठी. पुढच्या कुठल्या तरी काळातलं एक गाव, जिथे माणसं मोजतच नाहीत, जोड्या मोजतात. जोडीला घागरभर पाणी, एकट्या बाईला अर्धी घागर. पंधराव्या वर्षी प्रत्येक मुलीला जोड लावून द्यायची, नाही म्हणणारीचं नाव यादीतून खोडायचं. त्यात रेवा नावाची मुलगी एकटीच रांगेत उभी राहते. शनिवारी शाळा सुटल्यावर एस्तेर एकेक प्रकरण वाचून दाखवायची आणि मुली घरी जायचं विसरायच्या. हंगाम संपवून परतलेली हिराही येऊन बसायची, आधी पोटुशी, पुढे कडेवर लेक घेऊन.

पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं. पुस्तक आवडलं, पण मुलगी शेवटी एकटीच राहते हे पालकांना पटणार नाही, एखादा चांगला मुलगा आणा. एस्तेरने पत्र माझ्यापुढे टाकलं. मी तिला म्हटलं, "एवढं बदल की. हट्टाला पेटू नकोस. पुस्तक तर निघेल."

"तुला असं वाटतं?"

"वाटतं."

तिने बदललं. शेवटच्या प्रकरणात पाणी वाटणारा एक देखणा तरुण आला, रेवाचा हात धरून त्याने जोडी नोंदवली, दोघांना पूर्ण घागर मिळाली. मला ते छान वाटलं होतं, खरंच. पुस्तक निघालं, पेढे वाटले, आणि त्यानंतर एस्तेरने माझ्यापुढे लिहिण्याचा विषय कधी काढला नाही. पुन्हा काही लिहिलंही नाही. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, पण आमच्यात एक जागा कायमची रिकामी राहिली आणि त्या जागेविषयी विचारायचं धाडस मला झालं नाही.

घरमालकाने एस्तेरची खोली रिकामी करायला शिपायाकडून निरोप धाडला, तेव्हा गेल्या महिन्यात मी गेले. हिरा आधीच येऊन झाडत होती, लेक उंबऱ्यात बसली होती. कपाटात पुस्तकाच्या सात प्रती निघाल्या. मी एक हिरापुढे धरली.

"वाचलंय म्या ते," ती म्हणाली. "त्या पोराला कशाला आनलाय त्यात?"

"तो मी आणायला लावला, हिरा."

ती रागावली नाही. केर भरत म्हणाली, "बाईंनी वाचल्याली गोष्ट निराळी हुती. टोळीत म्या तीच सांगती. बाया भाकरी थापत ऐकत्यात. त्यो पोरगा न्हाई त्यात."

"मला सांग ना," मी म्हटलं. मूळ शेवट मी एकदाच, घाईत वाचला होता, आणि आता मला तो आठवत नव्हता.

हिराने झाडू खाली ठेवला. रेवाची पाळी येते. पाणी वाटणारा अर्धी घागर भरून थांबतो. मागे रांग खोळंबते, बाया ओरडायला लागतात, पण ती जागची हलत नाही. "आन् म्हनती, पुरी भर."

"मग?"

"मग काय न्हाई. उभी हाय ती."

एस्तेरच्या रिकाम्या खोलीत मला रडू आवरेना. हिरा लेकीला घेऊन निघाली, तिने एकही प्रत घेतली नाही. सातही मी शेवगावला आणल्या. प्रत्येकीवर एस्तेरचं नाव आहे, आणि शेवट माझा आहे.