अण्णांनी धरलेली जागा

घरातल्या एका ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरच्या वायरी साठतात ना, तसे हे किस्से साठत जातात. फेकवत नाहीत, उपयोग शून्य, आणि एक ओढायला जावं तर गुंता होऊन चार बाहेर येतात. सिंगापूरला आम्ही दोन कोल्हापूरवाले भेटलो की पहिली पाच मिनिटं पोरांच्या शाळा, घरभाडं असलं सभ्य बोलतो. मग कुणीतरी म्हणतं, "काल काय झालं रे मॅचला?" आणि संपलंच. बायका चहा ठेवायला उठतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल टीम निवडायची नसते. ज्या गल्लीत जन्मलात त्या गल्लीच्या तालमीची टीम ती तुमची, मरेपर्यंत. आमची चिंचबन तालीम, हिरवी-पांढरी जर्सी. आजोबा तिचे गोलकीपर, वडील म्हणजे अण्णा राइट बॅक, आणि मी राखीव. राखीव म्हणजे बाकावर बसून संत्र्याच्या फोडी वाटणारा. पण स्टेडियमच्या पूर्वेच्या गॅलरीत, खांबाला लागून, एका पायरीवर आमच्या घरची जागा आहे. लिहिलेलं कुठं काही नाही, पण तिथं दुसरं कुणी बसत नाही. घरातला माणूस आला नसेल तर त्याच्या जागेवर टॉवेल पसरायचा, ही पद्धत आजोबांपासूनची.

२०११ साली मी नोकरीला सिंगापूरला आलो. निघताना सगळे रडले, अण्णा रडले नाहीत. म्हणाले, "जागा धरतो तुझी. येशील तवा बस."

तेव्हापासून प्रत्येक मॅचला माझ्या जागेवर टॉवेल पडतो. आणि माझी गंमत अशी, की आमच्या प्लांटचं वार्षिक शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीची सगळ्यात मोठी घाई, मार्चच्या आसपास, नेमकं स्पर्धांच्या ऐन भरात. मला रजा मिळते ती दिवाळीत. तेव्हा मैदानावर गवत वाढलेलं असतं.

*

सुरुवातीच्या काळात अण्णांचा फोन हाच माझा टीव्ही. तिकडे चारला मॅच सुरू झाली की इकडे साडेसहा, मी तुआसच्या प्लांटमधून घरी, बुकित पंजांगला येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये. अण्णा गॅलरीतून फोन लावायचे आणि कॉमेंट्री सुरू.

कॉमेंट्री म्हणजे काय, तर काय घडलं ते सोडून बाकी सगळं.

"अरं, दिसतंय का त्याला? शिट्टी काय लग्नात वाजवायला आणलीय?"

"काय झालं, अण्णा?"

"गप्प बस, बघू दे."

"मग फोन कशाला केलाय?"

"तू नगं का मॅचला?"

नव्वद मिनिटं तो आवाज कानाला लावून बसायचो. स्कोअर शेवटी दिनूकाकांच्या मेसेजवरून कळायचा. दिनूकाका अण्णांचे जोडीदार, मागच्या पायरीवर बसतात आणि शांत असतात, त्यामुळे तालमीत त्यांना फारसं कुणी गंभीरपणे घेत नाही.

फोनमधला आवाज बसभर ऐकू जायचा. आमचे ड्रायव्हर अंकल चिनी, साठीचे. पहिल्या दिवशी त्यांनी काळजीनं विचारलं, "युवर फॅमिली ओके आह?" (इथल्या इंग्रजीत वाक्याला 'आह', 'लाह' असं शेपूट असतंच.) मी सांगितलं, फुटबॉल आहे. त्यानंतर रोज संध्याकाळी बसमध्ये चढताना ते विचारायचे, "टुडे फादर अँग्री, नॉट अँग्री?" न चिडलेले अण्णा असले, की मला वाईट वाटायचं. म्हणजे आज मॅच नाही.

*

सिंगापूरच्याच उत्तर टोकाला, सेम्बावांगला सुहास राहतो. शिपयार्डमध्ये इंजिनिअर, माणूस सोन्यासारखा, फक्त हौद तालमीचा. हौद आणि चिंचबन यांच्यामध्ये एक रस्ता आणि तीन पिढ्यांचं वैर आहे. परदेशात आल्यावर असलं काही राहत नाही असं लोक म्हणतात. ते लोक कोल्हापूरचे नसतात.

एका वर्षी हौदनं आम्हाला सेमीफायनलला हरवलं. लगेच सुहासच्या बायकोचा फोन, रविवारी जेवायला या, तांबडा-पांढरा केलाय. मी नको म्हणत होतो, पण माझी बायको मेघना पुण्याची. ती म्हणाली, "अरे, एवढ्या प्रेमानं बोलावतायत, खेळ वेगळा, मैत्री वेगळी." पुण्यात असेल बुवा.

आम्ही गेलो. पानं मांडली. मेघनाच्या ताटात मटण, तांबडा, पांढरा, सगळा सरंजाम. आमची सई तेव्हा पाच वर्षांची, तिच्या वाटीत मऊ मऊ फोडी. माझ्या ताटात वरण-भात आणि लिंबाची फोड.

आमच्याकडे पद्धत आहे, मोठी मॅच हरली की त्या रविवारी घरात मटण शिजत नाही. सुहासनं ती सिंगापुरात पाळून दाखवली.

"भावा," तो शांतपणे म्हणाला, "हरलेल्या तालमीला मटण वाढलं तर आमचा बाप घरात घ्यायचा नाही मला."

"आणि मेघनाला?"

"वहिनी पुण्याच्या. त्यांचा काय दोष?"

खरं सांगू? ते वरण-भात खाताना मला इतकं घरच्यासारखं वाटलं, की मी दोनदा मागून घेतला.

*

सईला अण्णांनी कुणाच्या तरी सामानातून तालमीची जर्सी पाठवली. पाठीवर आमचं आडनाव. जर्सी एवढी मोठी की त्यात सई आणि तिची मैत्रीण दोघी मावल्या असत्या. "वाढंल की पोरगी," अण्णा म्हणाले.

शाळेत एकदा आपल्या आवडत्या टीमचे कपडे घालून या, असा दिवस होता. सगळी पोरं इंग्लंडच्या आणि स्पेनच्या क्लबांच्या जर्सीत. सई हिरव्या-पांढऱ्या झग्यात. टीचरनं विचारलं, ही कुठली टीम? सई म्हणाली, "माय ग्रँडफादर्स लेन, लाह."

टीचरला वाटलं लेन हे कुठल्यातरी शहराचं नाव असेल. त्यांनी वर्ल्ड रँकिंग विचारलं. सईनं घरी येऊन अण्णांना फोन लावला.

"आजोबा, आपलं रँकिंग काय?"

"हौदच्या वर."

"अँड इन द वर्ल्ड?"

अण्णा म्हणाले, "त्याच्या पलीकडं कोण बघतंय?"

*

एका जूनमध्ये आई-अण्णा आले. जूनमध्ये, कारण सीझन संपल्याशिवाय अण्णा गाव सोडत नाहीत. विमानतळ, उंच इमारती, समुद्र, कशाचंच त्यांना कौतुक वाटलं नाही. चौथ्या दिवशी त्यांना हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीला नेलं. दुपारची वेळ, एक टेबल रिकामं, त्यावर टिश्यू पेपरचं एक छोटं पाकीट पडलेलं. माणसं हातात ताटं घेऊन उभी, पण त्या टेबलाला कुणी शिवत नाही.

"हे काय?"

"कुणीतरी जागा धरलीय, अण्णा. इथं असंच करतात. पाकीट ठेवायचं आणि खाणं आणायला जायचं."

"आणि कुणी उठवत न्हाई ते?"

"नाही."

अण्णांनी त्या पाकिटाकडे देवाच्या पादुकांकडे बघावं तसं बघितलं. "शहाणं गाव हाय," म्हणाले. सिंगापूर पास झालं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. अण्णांना एलआरटीचा नाद लागला होता. आमच्या भागात ती छोटी गाडी बिल्डिंगांमधून गोल फिरते. संध्याकाळी ते त्यात बसायचे, आणि मी कामावरून येताना मधल्या स्टेशनवर चढायचो. त्या दिवशी दार उघडलं, तर गाडी भरलेली, अण्णा खिडकीशी, त्यांच्या शेजारच्या सीटवर टॉवेल अंथरलेला, आणि समोर एक चिनी आजी भाजीची पिशवी घेऊन उभी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आजींना सॉरी म्हणायला गेलो, तर त्यांनीच माझा दंड धरला आणि सीटकडे बोट दाखवलं. "सिट, सिट. युवर फादर वेट फॉर यू लाँग टाइम."

अण्णांना मराठीशिवाय काही येत नाही. आजींना त्यांनी काय सांगितलं आणि कसं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी टॉवेल उचलला आणि आजींना बसवलं. अण्णांनी माझ्या हातून टॉवेल ओढून घेतला. लिफ्टमध्ये फक्त एवढंच म्हणाले, "तुझ्यासाठी धरली होती. वाटायला न्हवं."

*

मग मॅच मोबाइलवर लाइव्ह दिसायला लागल्या. त्या वर्षी फायनलला चिंचबन आणि हौद. सुहास आमच्याकडे आला, दुश्मनाच्या घरात, स्वतःचा डबा घेऊन. चित्र अर्धा मिनिट मागं चालायचं. इकडे माझ्या कानाला दिनूकाकांचा फोन, तिकडे त्याच्या कानाला भावाचा.

उत्तरार्धात फोनमध्ये एकदम गलका. हौदचा गोल. सुहासच्या फोनमध्येही तोच गलका. आम्हा दोघांनाही कळलं. तरी दोघंही स्क्रीनला चिकटून बसलो. तिथं बॉल अजून मैदानाच्या मध्यावर होता. मी हात जोडलेले, सुहासनंही जोडलेले.

मेघना म्हणाली, "अरे, झाला ना गोल? मग आता काय बघताय?"

"वहिनी थांबा," सुहासचा जीव वर-खाली होत होता. "तुमचा कीपर लई चिवट हाय. अडवंल बघा."

स्वतःच्या टीमचा झालेला गोल, आणि धास्ती त्याला!

नंतर कॅमेरा गॅलरीवरून फिरला. सईनंच आधी बघितलं. "आजोबा!" खांबाशी अण्णा बसलेले, पाय पुढे ताणून, गुडघ्यावर हात. गॅलरी एवढी भरलेली की पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती, माणसं खांबाला लटकलेली. आणि अण्णांच्या शेजारी माणसाच्या बसण्याएवढा तुकडा रिकामा, त्यावर टॉवेल.

"व्हाय नोबडी सिटिंग देअर?" सईनं विचारलं.

मेघना माझ्याकडे बघत होती. सुहास चपला शोधायला लागला, मॅच संपली नव्हती तरी. मला त्या क्षणी तुआस, वर्क पास, पगार, सगळं सोडून त्या एका हात जागेवर जाऊन बसावंसं वाटलं. दुसरं काही नको होतं.

*

दरवर्षी मी मार्चमध्ये रजा मागायचो आणि दरवर्षी बॉस नाही म्हणायचा. कारण विचारलं की मी 'फॅमिली फंक्शन' सांगायचो. एका वर्षी त्यानं चष्मा काढून विचारलं, "एव्हरी इयर वेडिंग आह? हाऊ मेनी सिस्टर?"

मी कंटाळून खरं ते सांगितलं. वडील, पायरी, टॉवेल. अण्णांचे गुडघे आता गेले आहेत, पायऱ्या चढवत नाहीत, घरीच बसून गलक्यावरून स्कोअर ओळखतात. पण मॅचच्या दिवशी गल्लीतून स्टेडियमकडे निघालेल्या कुणाच्या तरी हातात टॉवेल देतात आणि सांगतात, खांबाजवळ टाक. स्वतःची जागा त्यांनी सोडून दिली, माझी नाही.

बॉस माणूस कडक. चष्मा पुसून परत चढवला. मग म्हणाला, त्याचे वडील लॉरीच्या मागे उभे राहून पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला मॅच बघायला जायचे, त्याला एकदा चल म्हणाले होते, त्याची परीक्षा होती. पुढे काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. रजेवर सही केली. "गो. शटडाऊन आय हँडल."

*

घरी कळवलं नाही. एकदम जाऊन उभं राहायचं असं ठरवलं होतं. मुंबईहून निघालेली बस घाटात तासभर अडकली, त्यामुळे घर गाठून मग मैदानावर जायला वेळच उरला नाही. स्टँडवरून रिक्षा थेट स्टेडियमला घेतली, बॅग दारातल्या पानपट्टीवर ठेवली आणि आत शिरलो. इतक्या वर्षांनी तो गलका फोनशिवाय ऐकला. डोळे भरून आले, दडवायचं कशाला?

गॅलरी तुडुंब. खांब होता तिथंच. ओळखीचं एकही तोंड नाही. दिनूकाका त्या वर्षी लेकीकडे पुण्याला होते, बाकीची सगळी नवी फळी, गल्ली सोडून उपनगरात गेलेल्या घरांतली, हिरव्या-पांढऱ्या जर्सीतली विशीतली पोरं. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध रिकामा तुकडा, त्यावर टॉवेल.

मी माणसांतून वाट काढत गेलो, टॉवेल उचलून मांडीवर घेतला आणि बसलो.

शेजारच्यानं खांद्यावर हात ठेवला. "पावणं, तिथं नगा बसू."

"का?"

"धरलेली जागा हाय. आमच्या अण्णांच्या पोराची."

"कुठं असतो तो?"

"सिंगापूरला."

"कधी येतो का मॅचला?"

तो जरा वैतागला. मॅच सुरू झाली होती आणि मी त्याला बोलण्यात गुंतवत होतो. मैदानावरची नजर न काढता म्हणाला, "अजून न्हाई आला. पर येणार हाय. अण्णा म्हंत्यात म्हंजे येणारच की."

त्या येणाऱ्या पोराची जागा मला घेववेना. मी उठलो. टॉवेल होता तसा परत पसरला, आणि दोन पायऱ्या खाली, जरा सरकून घेणाऱ्या कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसलो.