गाऱ्हाण्याला टाळ्या

महाडच्या त्या कलासंग्रहालयाचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. इमारत छान आहे, एसी चालतो, संडाससुद्धा स्वच्छ. दर रविवारी कार्यक्रम असतो, कधी चित्रकलेचं शिबिर, कधी भाषण. माझी तक्रार एवढीच, की आमच्या वाडीची देवी तिथे काचेत उभी आहे.

वाडी आमची आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरावर. देवी लाकडाची, पार चिरलेली. वाडीतल्या मुंबईकरांनी देऊळ नवं बांधायला काढलं आणि दगडी मूर्ती आणली. आमच्याकडे रीत अशी, की जुनी देवी सावित्री नदीत सोडल्याशिवाय नवीच्या डोळ्यांवरचं फडकं काढायचं नाही. तोवर तिला ओटी नाही, नवस नाही, शिमग्याला पालखीही नाही. देऊळ उतरवायला घेतलं तेव्हा संग्रहालयाचे साहेब पोलादपूरवरून जीप घेऊन वर आले. बांधकामात मूर्तीला धक्का लागेल, आम्ही सांभाळतो, नदीवर न्यायची तेव्हा घेऊन जा, म्हणाले. देवीचं सगळं बघणाऱ्या आमच्या गावकाराने नुसत्या शब्दावर देवी जीपमध्ये ठेवली. सांभाळणं म्हणजे गिळणं, हे त्याला कुठे ठाऊक असणार.

देऊळ उभं राहिलं. नवी देवी अजून डोळे बांधून बसली आहे. आणि माझी आई झुरते आहे, कारण माझी मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा आईने जुन्या देवीला ओटीचा नवस बोलला होता. पोर उठली, शाळेत जायला लागली, नवस तसाच राहिला. मुलगी नुसती शिंकली तरी आई घाबरते.

म्हणून आईला घेऊन मी देवी परत मागायला साहेबांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला.

"मावशी, ती आता फक्त तुमची नाही, सगळ्या जिल्ह्याची आहे," ते म्हणाले. "एवढं सुंदर काम पाण्यात कुजवणार का?"

"कुजायलाच होवी ना ती," आई म्हणाली. "म्हातारी झाली. किती दिस उभी ठेवाल तिला?"

साहेब हसले आणि आम्हाला रविवारच्या कार्यक्रमाला बोलावलं. आमची बोळवण झाली, हे मला कळलं. आईला वाटलं, देवीला भेटायचं आमंत्रण मिळालं.

रविवारी ती खण, नारळ, तांदूळ घेऊन आली. पुण्याहून आलेल्या एक बाई माइकवर देवीच्या नाकाडोळ्यांबद्दल बोलत होत्या. समोर खुर्च्यांवर महाडची बरीच प्रतिष्ठित मंडळी, पहिल्या रांगेत साहेब. बाईंचं बोलणं संपलं तशी आई उठून काचेपाशी गेली. रखवालदार म्हणाला, आजी, काचेला हात नको. तिने हात लावला नाही. ओटी खाली फरशीवर ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालायला लागली. हे काम गावकाराचं, बाईमाणसाचं नव्हे. पण गावकार लाजेने महाडला फिरकतच नाही.

"गो आये, नातीचा नवस आनलाय, गोड मानून घे. तुला घालवायला तुझी लेकरा तयार हायत, पन ही मानसा सोडत नाय. ज्यानं तुला हितं कोंडली त्याला सुखाची झोप लागू देऊ नको."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक मोबाईल धरून उभे राहिले. बाईंचे डोळे भरून आले होते. साहेब तर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते आणि शेजाऱ्याला सांगत होते, बघा, अस्सल परंपरा. बाईंनी आईचा हात धरून विचारलं, पुढच्या रविवारी पुन्हा याल का?

आई त्यांच्याकडे बघतच नव्हती. गाऱ्हाणं संपलं की जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. त्याशिवाय ते देवाला पोचत नाही. ती एकेका चेहऱ्याकडे बघत थांबली होती. शेवटी माझ्याकडे बघितलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तिला माहीत आहे.

साहेब अजून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या डोळ्यांत बघून मी पोटापासून ओरडलो, "होय म्हाराजा."