विरोधी बाकावरची आत्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिरुसेरीच्या ऑफिसात होते. ‘अक्का गेली,’ एवढंच अप्पा म्हणाले आणि माझ्या तोंडून निघालं, ‘कशावरून?’ हा तिचाच प्रश्न. सूर्य उगवला म्हटलं तरी ती हेच विचारायची. आता महिना होत आला. लोक भेटायला येतात, ‘किती शांत बाई, कधी कुणाला दुखावलं नाही’ म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. साफ खोटं आहे. माझी आत्या भांडकुदळ होती. गिंडीतल्या ज्या कारखान्यात तिने हयातभर कारकुनी केली, तिथले साहेब तिला येताना पाहून दुसऱ्या जिन्याने जायचे. माणूस मेला की त्याला पाकात बुडवून गोड करायची ही रीत मला मान्य नाही. तिलाही नसती.

अप्पांची ती थोरली बहीण. त्यांचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलुखात मुरलेलं. आई साताऱ्याची, लग्न करून इथे आलेली. दोघींच्या मराठीचा मेळ बसत नसे आणि सख्य तर विळ्याभोपळ्याचं! चहा की कॉफी इथपासून सुरुवात व्हायची.

मी अकरावीत असताना शाळेतून माझी उन्हाळी युवा संसदेसाठी निवड झाली. देशभरातली मुलं तिरुचीच्या एका कॉलेजात मे महिनाभर राहणार, पक्ष काढणार, निवडणुका लढवणार, कायदे करणार. अप्पांचा नकार तयारच होता, कारण त्याच महिन्यात इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास होता. ‘लुटुपुटीचें सरकार चालवून पोट भरत नाहीं,’ ते म्हणाले. आईला वसतिगृहाची धास्ती. आणि मला? जायचंही होतं आणि जायला नकोही वाटत होतं. शाळेत मी मराठी, साताऱ्याला मामाकडे मी मद्रासी. साऱ्या देशातल्या मुलांसमोर ‘तू कुठली’ याचं उत्तर काय देणार होते?

मी धावत आत्याकडे गेले. ती अप्पांना दोन वाक्यांत गार करील याची मला खात्री होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, ‘संसदेंत जाणार तू आणि भांडायचें मीं? अय्यो, बरें आहे की!’

रविवारी ती घरी आली ती कॉफीलाही न थांबता जेवणाच्या टेबलाशी बसली. ‘इथेंच संसद भरवूं,’ म्हणाली. ‘तू अध्यक्ष,’ असं अप्पांना सांगितलं. ‘अध्यक्षांनीं वाद घालायचा नाहीं. बरोबरी झाली तरच मत द्यायचें.’ मान मिळाला म्हणून अप्पा खूश झाले. आपलं तोंड बंद करून टाकलंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. ‘मग हिच्या विरोधात बोलणार कोण?’ आईने विचारलं. ‘मीं,’ आत्या म्हणाली.

आणि बोलली, तेही अप्पांना कधी जमलं नसतं असं. ‘हिला पाठवूं नये. कां म्हणजे हिलाच जायचें नाहीं. तिथें तमिळ पोरें हिला मराठी म्हणणार, मराठी पोरें तमिळ म्हणणार. अस्के हसणार, एकूण एक. ही रडत परत येणार. हिला मत कोण देणार? कुठली म्हणून देणार?’

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं कोण जाणे… माझे कान तापले. मी उठून ओरडलेच, ‘इथली म्हणून! आपल्या इतक्या पिढ्या या मातीत गेल्या आणि मी अजून पाहुणी? ज्याला कळत नसेल त्याला समजावीन. नाहीच कळलं तर भांडेन. पण घरात लपून बसणार नाही!’

‘सरी, ठीक आहे,’ आत्या थंडपणे म्हणाली. ‘मतें घ्या.’

माझा हात बाजूने वर गेला, आत्याचा विरोधात. मग आईने ओले हात पदराला पुसले आणि एक हात वर केला. बाजूने! ‘मी या घरात आले तेव्हा माझ्या बोलण्याला सगळे हसायचे,’ ती आत्याकडे रोखून बघत म्हणाली. ‘मी गप्प बसले. हिला बोलू दे.’ आत्याने मान खाली घातली. ठराव मंजूर झाल्याचं अप्पांना स्वतःच्या तोंडाने जाहीर करावं लागलं.

एग्मोर स्टेशनवर ती मला सोडायला आली नाही. ‘हरलेलें माणूस हार घेऊन येत नाहीं,’ असा निरोप धाडला आणि त्याबरोबर डब्यातल्या निम्म्या लोकांना पुरेल एवढा चिंचेचा भात. तिरुचीत पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, ‘तू नक्की कुठली?’ माझं उत्तर तयार होतं, घोटून घोटून पक्कं झालेलं. मी जावं असं तिला वाटत होतं की नव्हतं, हे पुढे कितीदा तरी विचारलं. ‘माझें मत बघितलीस नं?’ एवढंच म्हणायची.

गेल्या आठवड्यात मी अप्पांच्या घरी, त्याच जेवणाच्या टेबलाशी जाहीर केलं की नोकरी सोडून वॉर्डाच्या निवडणुकीला अपक्ष उभी राहणार. ‘जरूर राहा,’ नवरा म्हणाला. ‘प्रचाराला मी येते,’ आई म्हणाली. अप्पांनीही होकारार्थी मान हलवली. झालं! मला रडूच कोसळलं. ‘अहो, चांगली नोकरी सोडतेय मी! कुणीतरी नको म्हणा की!’

‘म्हणणारी गेली नं, कण्णा,’ अप्पा लाडाने म्हणाले.

मी डोळे पुसले. टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीत जाऊन बसले आणि माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून सुरुवात केली, ‘हिनें उभें राहूं नये. कां म्हणजे…’