हिला डॉक्टरकडे का नेत नाहीत?

शैला काविळीने गेली, हे तिच्या आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी ठाण्याला ऑफिसात होते. डोंबिवलीला पोचले तर जिन्यातच शेजारीण कुजबुजली, "कावीळच होती ना नक्की? एकटी राहायची, म्हणून विचारते." तिशीतल्या बाईचं मरणसुद्धा लोकांना सरळ वाटेना... पण असा संशय शैलाला नवीन नव्हता.

आम्ही आठवीत असताना चाळीत शेजारी राहायचो. त्या वर्षी शैलाच्या हनुवटीवर, हातांवर दाट केस आले, पाळी महिनोन्‌महिने येईना, आणि जरा काही बोललं की ती अंगावर धावून यायची. तिची आत्या तिचे कपडे तपासायची, शाळेतून उशीर झाला की "कुणाबरोबर होतीस?" म्हणून खोदून विचारायची. शेवटी तिने शैलाच्या दंडाला काळा दोरा बांधला. आई गप्प बसून बघायची.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे व्हीसीआर भाड्याने आला. कॅसेटच्या खोक्यावर कुत्र्यासारखं चित्र होतं, म्हणून मुलांचा सिनेमा समजून वडिलांनी तीच उचलली. निघाला भयपट. आमच्याच वयाच्या मुलीला अंगभर केस फुटतात, सुळे येतात, ती लांडगा होते, आणि गावातली माणसं तिच्या खिडकीखाली पाळत ठेवतात. आम्ही सगळ्यांनी उशीत तोंड खुपसलं. शैला मात्र टक लावून बघत होती.

"हिला डॉक्टरकडे का नेत नाहीत?" तिने विचारलं.

"बाधा झालीय तिला," आत्या म्हणाली. "डॉक्टर काय करणार?"

"आणि मला?"

टीव्हीवर लोक बंदुका घेऊन निघाले होते... तिच्या आईने उठून तो बंद केला. दुसऱ्या दिवशी देवळात जाते असं सांगून ती शैलाला कल्याणला लेडी डॉक्टरकडे घेऊन गेली. सोबतीला मी. डॉक्टरबाई तपासून शांतपणे म्हणाल्या, "पुष्कळ मुलींना होतं हे. गोळ्या देते." शैला रडायला लागली, ती इतकी की बाहेर बसलेल्या बायका आमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागल्या. येताना स्टेशनच्या पुलावर तिने दोरा स्वतःच तोडला.

पाळी मार्गी लागली, राग निवळला. केस काही पुरते गेले नाहीत. त्यावरून स्थळं परत गेली, तेव्हा तिने तो विषयच संपवला, एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये नोकरी धरली आणि वेगळी खोली घेतली. इमारतीतल्या मुली तिच्याकडे येत, घरी विचारता येत नाही ते विचारत. ही पोरींच्या डोक्यात काय भरवते, अशी शंका त्यांच्या आयांना कायम असे.

परवा तिची खोली आवरायला गेले होते. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. "ताई नाहीत, माहितेय मला," म्हणाली, पण हलेना. मग जिन्यात वाकून बघून हळूच म्हणाली, "तुम्ही आईला नाही ना सांगणार?"

मी तिला आत घेतलं आणि दार लावायला गेले.

"राहू दे उघडं," ती म्हणाली. "ताई उघडंच ठेवायच्या. बंद केलं की लोकांना संशय येतो म्हणायच्या."